शून्याचा दिवा

मुलांनो, शून्य म्हणजे काय, हे तुम्ही अगदी लहानपणी शिकलात. ज्याची स्वतःची किंमत काहीच नाही, ते शून्य. परंतु एखाद्या वस्तूला लोक शून्य म्हणू लागले, म्हणजे तिची किंमत खरोखरच शून्य होते असे नाही. आमच्या घरी जिन्याच्या वळणावर कित्येक वर्षे ‘शून्याचा दिवा’ जळत असे. मी आयुष्यभर शाळेत शिकवले, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. पण साठी उलटल्यावर त्या लहानशा दिव्याने मला एक पाठ शिकवला. तोच पाठ आज तुम्हांस सांगावयाचा आहे.

पुसद हे आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, पूस नदीच्या काठी वसले आहे. गावाच्या भोवती डोंगर आहेत. श्रावण लागला की ते हिरवेगार होतात आणि त्यांच्या माथ्यांवर ढग टेकतात. अशा दिवसांत सूर्य मावळण्याची वाट न पाहताच काळोख घरात शिरतो.

अशाच एका सायंकाळी माझ्या नातवाची आजी माडीवरून खाली येत होती. देवापुढे दिवा लावण्याची वेळ झाली होती आणि तिच्या हातात वातींचे तबक होते. जिना रोजचाच, पायऱ्याही रोजच्याच. तरी शेवटच्या पायरीपाशी तिचा पाय चुकला. आवाज ऐकून आम्ही धावलो, तेव्हा ती खाली बसली होती आणि उजवे मनगट तिने डाव्या हाताने घट्ट धरले होते. वाती फरशीवर विखुरल्या होत्या. मनगटाचे हाड मोडले असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आणि हाताला प्लास्टर घातले. सहा आठवडे तो हात गळ्यात बांधून ठेवावा लागला.

त्या रात्री नातू आजीच्या उशाशी बसला होता. बारा वर्षांचा मुलगा. त्याला स्वस्थ बसवेना. त्याने विचारले, “आजी, तुला पायरी दिसली नाही का गं?”

आजी म्हणाली, “दिसली रे! पण एकच दिसली. होत्या दोन.”

नातवाने जिन्याकडे पाहिले. वळणावर तो लहानसा दिवा मिणमिणत होता. त्याचा उजेड भिंतीवर वीतभर पसरला होता. खालच्या पायऱ्यांपर्यंत तो पोहोचतच नव्हता.

“मग तिथे मोठा दिवा का लावत नाही आपण?”

“अरे, तो झिरोचा आहे,” आजी म्हणाली. “रात्रभर जळला, तरी बिलात त्याचे काही येत नाही. उगीच मोठा दिवा कशाला जाळायचा?”

आजीचे हे बोलणे ऐकून तुम्ही हसू नका. तिचे बालपण याच तालुक्यातील एका खेड्यात गेले. त्या काळी तेथे वीज आली नव्हती. स्वयंपाकघरात चिमणी, ओसरीत कंदील आणि लग्नकार्य असले तर गॅसबत्ती, एवढाच उजेड. रॉकेल शिधापत्रिकेवर मोजून मिळे. महिनाअखेरीस बाटलीचा तळ दिसू लागला, की घरातले वडीलधारे म्हणत, “वात खाली करा.” वात खाली केली की उजेड कमी होई आणि तेलही वाचे. उजेड कमी, म्हणून खर्च कमी, हा हिशेब त्या दिव्यांच्या बाबतीत अगदी खरा होता. तोच हिशेब आजीने विजेच्या दिव्यालाही लावला. चूक एवढीच झाली की, दिवे बदलले आणि हिशेब मात्र जुनाच राहिला. आणि मी? ‘पडताळून पाहिल्यावाचून काही मानू नये’ असे विद्यार्थ्यांना शिकवीत आलो. परंतु माझ्याच जिन्यातील शून्य मी कधी पडताळून पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी मी अंगणातून घरात आलो, तो काय पाहतो! नातवाने जिन्याच्या वळणावर एक डुगडुगते स्टूल ठेवले होते. नुकतेच पाय धुऊन तो त्यावर चढला होता. दिवा जळत होता आणि मुलाचा हात त्याच्याकडे चालला होता.

“थांब! हात खाली घे आणि हळूच उतर,” मी म्हणालो.

तो उतरला. मी रागावलो नाही, कारण आजीसाठीच त्याची ही धडपड चालली होती. परंतु चांगल्या हेतूने केलेले काम केवळ हेतूमुळे सुरक्षित होत नाही. मी त्याला जवळ बसवून म्हटले, “तू एका वेळी चार चुका करीत होतास. कोणत्या, ते सांग पाहू.”

त्याने विचार करून दोन सांगितल्या. “स्टूल हलत होते आणि दिवा चालू होता.”

“बरोबर. तिसरी चूक म्हणजे तुझे ओले पाय. घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. कोरड्या अंगापेक्षा ओल्या अंगातून वीज फार सहज वाहते आणि जमिनीकडे जाण्याच्या मार्गात माणसाचे शरीर आले, तर ती प्राणघातक ठरू शकते. आणि चौथी चूक म्हणजे तू एकटा होतास. पडला असतास, तर धरावयास कोणी नव्हते.”

“मग बटण बंद करून चढलो असतो, तर चालले असते ना, आजोबा?”

त्याचा हा प्रश्न चांगला होता. पुष्कळ मोठ्या माणसांचीही अशीच समजूत असते. मी त्याला समजावून सांगितले, “दिव्याकडे दोन तारा येतात. एकीला ‘फेज’ म्हणतात, दुसरीला ‘न्यूट्रल’. विजेचा दाब असतो तो फेजच्या तारेत. बटण त्याच तारेवर बसवलेले असावे, असा नियम आहे. पण काही घरांत जोडणी करणाऱ्याच्या चुकीने ते दुसऱ्या तारेवर बसवले जाते. अशा ठिकाणी बटण बंद केले की दिवा विझतो; परंतु होल्डरातील वीज मात्र तशीच राहते. विझलेला दिवा पाहून माणूस निर्धास्त होतो आणि हात लावतो. म्हणून केवळ बटणावर विसंबू नये. मेन स्विच बंद करावा.”

“पण मेन बंद केला, तर सगळ्या घरात अंधार होईल!”

“म्हणूनच,” मी हसून म्हणालो, “दिवा बदलण्याचे काम दिवसा करावे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भरपूर उजेड असताना आम्ही ते काम हाती घेतले. प्रथम मेन स्विच बंद केला आणि घरातील पंखा फिरत नाही, याची खात्री करून घेतली. रात्रभर जळलेला दिवा हात भाजण्याइतका तापलेला असतो, म्हणून तो निवेपर्यंत थोडा वेळ थांबलो. चारही पाय घट्ट टेकणारे लाकडी स्टूल वळणावरील सपाट जागेवर ठेवले. माझ्या मुलाने पायांत रबरी चपला घातल्या, हात कोरडे केले आणि तो वर चढला. नातवाने स्टूल धरले. मी बाजूस उभा राहिलो. या वयात स्टुलावर न चढणे, हेही शहाणपणाचेच काम आहे.

आपल्याकडील बहुतेक होल्डर दोन खाचांचे असतात. दिव्याच्या पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या टोपीला दोन्ही बाजूंस बारीक खुंट्या असतात, त्या या खाचांत अडकतात. असा दिवा काढताना तो आधी किंचित वर दाबावा, मग घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने थोडा फिरवावा आणि अलगद खाली घ्यावा. बसवताना याच्या उलट करावे: खुंट्या खाचांसमोर आणाव्या, दिवा वर दाबावा आणि काट्यांच्या दिशेने फिरवावा. काही दिव्यांना खुंट्यांऐवजी स्क्रूप्रमाणे आटे असतात. ते न दाबता नुसते फिरवावयाचे असतात. काच फुटून टोपी होल्डरातच अडकली असेल, तर मात्र तिला आपण हात लावू नये. मेन बंद ठेवून जाणत्या वायरमनला बोलवावे. आणि हे सर्व काम मोठ्या माणसांनीच करावे. तुमच्या वयाच्या मुलामुलींनी स्टूल धरावे, पाहावे आणि शिकावे.

माझ्या मुलाने काढलेला दिवा नातवाच्या हाती दिला. काचेवर धूळ बसली होती. नातवाने ती फडक्याने पुसली आणि काचेवरील बारीक अक्षरे तो वाचू लागला. एकाएकी तो ओरडला, “आजोबा, यावर शून्य लिहिलेले नाही! पंधरा लिहिले आहे!”

मी चष्मा लावून पाहिले. खरेच, काचेवर ‘१५ वॉट, २३० व्होल्ट’ अशी खूण होती. असा दिवा गेला की दुकानातून तसाच दुसरा आणला जाई. कित्येक वर्षांत कित्येक दिवे आले आणि गेले. परंतु त्यांवरील अक्षरे आमच्यापैकी एकानेही वाचली नव्हती. असे सांगतात की, जुन्या काळच्या चकतीच्या मीटरवर इतक्या लहान दिव्याचा खर्च नीट नोंदला जात नसे, म्हणून लोक त्याला शून्याचा दिवा म्हणू लागले. मीटर बदलले, नाव मात्र चिकटून राहिले.

आता वॉट म्हणजे काय, ते पाहू. एखादे उपकरण वीज किती वेगाने खर्च करते, हे सांगणारे ते माप आहे. वाफेच्या यंत्रात सुधारणा करणारा जेम्स वॉट हा थोर यंत्रज्ञ १७३६ ते १८१९ या काळात होऊन गेला. त्याच्या स्मरणार्थ या मापाला हे नाव मिळाले. हजार वॉटचे उपकरण एक तास चालले, म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. वीजबिलात मोजतात ते हेच युनिट.

नातू वही घेऊन बसला. जिन्यातील दिवा रोज रात्री दहा तास जळत असे. १५ गुणिले १० म्हणजे १५०. तीस रात्रींचे झाले ४,५००. त्याला हजाराने भागले, तर साडेचार युनिटे. वर्षाच्या ३६५ रात्रींचा हिशेब त्याने केला, तेव्हा उत्तर जवळजवळ ५५ युनिटे आले.

तो म्हणाला, “आजी, तुझे शून्य वर्षाला पंचावन्न युनिटे खाते!”

आजीने क्षणभर वहीकडे पाहिले. मग ती म्हणाली, “बरं, मग आता काय करायचं ते तूच सांग.”

वर्षाला पंचावन्न युनिटे वीज घेऊनही तो दिवा पायरी दाखवू शकत नव्हता. याचे कारण त्या दिव्याच्या रचनेत आहे. त्याच्या पोटात टंगस्टन या धातूची केसाहून बारीक तार असते. वीज तिच्यातून वाहू लागली की ती तापून पांढरीशुभ्र होते आणि उजेड देऊ लागते. टंगस्टन ३,४०० अंश सेल्सिअसच्याही वर वितळतो, म्हणून एवढा ताप तो सोसतो. तार हवेत जळून जाऊ नये, यासाठी काचेच्या गोळ्यातील हवा काढून घेतात. मोठ्या दिव्यांत आरगॉनसारखा वायूही भरतात. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान आणि अमेरिकेत टॉमस एडिसन यांनी १८७९ च्या सुमारास असे दिवे प्रथम उपयोगात आणले. तेव्हा तार कार्बनची असे. या शोधाने मानवाच्या रात्री उजळल्या, हे खरे. परंतु या दिव्यात एक मोठी उणीव होती. घेतलेल्या विजेचे शंभर भाग केले, तर उजेडाच्या रूपाने त्यांतील जेमतेम पाच भाग परत मिळतात. बाकी सारी वीज उष्णता होऊन जाते. म्हणजे तो दिवा वस्तुतः एक लहानशी चूलच होता. उजेड हा तिचा जोडधंदा!

एल्‌ईडी दिव्यात तार तापवावी लागत नाही. एका विशिष्ट पदार्थाच्या बारीकशा तुकड्यातून वीज वाहू दिली की त्यातून सरळ प्रकाशच निघतो. असे तांबडे व हिरवे दिवे पूर्वीच तयार झाले होते. परंतु पांढरा उजेड मिळवण्यासाठी निळा प्रकाश देणारा तेजस्वी तुकडा हवा होता आणि तो काही केल्या साधत नव्हता. इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा या जपानमध्ये जन्मलेल्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे खटपट करून तो तयार केला. त्याबद्दल २०१४ साली त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या प्रकाशाचा काही भाग पिवळ्या लेपातून पिवळा करून घेतला, की दोन्ही मिळून डोळ्यांना पांढरा उजेड दिसतो. आरंभी हे दिवे महाग होते. २०१५ च्या जानेवारीत केंद्र सरकारने ‘उजाला’ योजना सुरू केली आणि तिच्यातून ३६ कोटींहून अधिक एल्‌ईडी दिवे सवलतीच्या दरात घरोघर पोहोचले.

त्याच दिवशी मी आणि नातू बाजारात गेलो. दुकानदाराने विचारले, “किती वॉटचा देऊ?”

मी म्हटले, “वॉट मागाहून पाहू. आधी उजेड किती, ते सांगा.”

मुलांनो, हीच गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. वॉट हे खर्चाचे माप आहे, उजेडाचे नव्हे. तांदळाचे पोते किती रुपयांचे, हे सांगितल्याने त्यात किती किलो तांदूळ आहे ते कळत नाही. तसेच हे आहे. उजेडाचे माप ‘ल्युमेन’. एक मेणबत्ती साधारण बारा ल्युमेन उजेड देते. ६० वॉटचा तारेचा दिवा सुमारे ७०० ल्युमेन देतो, तर ९ वॉटचा चांगला एल्‌ईडी दिवा ८०० ते ९०० ल्युमेन. म्हणजे खर्च सातवा हिस्सा आणि उजेड वर थोडा अधिक! हा आकडा खोक्यावर छापलेला असतो.

नातवाने एक खोके उचलून वाचावयास घेतले. त्यावर ‘६५०० के’ असे लिहिले होते. हे उजेडाच्या रंगाचे माप आहे. २७०० किंवा ३००० असेल, तर उजेड पिवळसर, निरांजनाच्या जवळचा. ६५०० असेल, तर दुपारच्या आकाशासारखा पांढरा. जेथे बारीक वस्तू नीट दिसावयास हव्यात, तेथे पुष्कळांना पांढरा उजेड सोयीचा वाटतो. झोपण्याच्या खोलीत पिवळसर उजेड डोळ्यांना शांत वाटतो. त्याशिवाय आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. दिव्याची टोपी आपल्या होल्डरात बसणारी आहे काय? खोक्यावर भारतीय मानक ब्युरोची प्रमाणखूण आहे काय? दुकानदार हमीची मुदत लिहून पावती देतो काय? खूण नसलेला दिवा केवळ स्वस्त म्हणून घेऊ नये.

जिन्यासाठी आम्ही ९ वॉटचा दिवा घेतला. रात्री उठणाऱ्यास वाट दिसावी, म्हणून अर्ध्या वॉटचा एक चिमुकला दिवाही घेतला. परंतु चांगला दिवा आणला, म्हणजे सारे काम झाले असे नव्हे. तो योग्य जागी हवा. वळणावरील जुना होल्डर अशा उंचीवर होता की, जिना उतरताना नवा दिवा नेमका डोळ्यांत खुपला असता आणि पायऱ्या उलट अधिकच काळ्या दिसल्या असत्या. उजेड माणसाच्या डोळ्यांवर नव्हे, पायऱ्यांवर पडला पाहिजे. म्हणून आम्ही वायरमनला बोलावले. त्याने होल्डर वर छताशी नेला आणि जिन्याच्या दोन्ही टोकांस एकेक बटण बसवले. खालून लावलेला दिवा वरून विझवता येतो आणि वरून लावलेला खालून. असे झाल्यावर रात्रभर दिवा जळत ठेवण्याचे कारणच उरले नाही.

रात्री नातवाने पुन्हा वही काढली. जिन्यातील दिवा रोज सुमारे चार तास लागतो. ९ गुणिले ४ म्हणजे ३६. अर्ध्या वॉटचा दिवा दहा तास, म्हणजे ५. दोन्ही मिळून ४१. पूर्वी एकटा ‘शून्याचा’ दिवा १५० खात होता! उजेड कितीतरी पटींनी वाढला आणि खर्च चौथ्या हिश्श्याच्या आसपास येऊन थांबला.

ही बचत केवळ आमच्या खिशाची नव्हे. महाराष्ट्राला मिळणाऱ्या विजेचा मोठा भाग कोळसा जाळून तयार होतो. आमच्याच जिल्ह्यात वणीच्या परिसरात दगडी कोळशाच्या खाणी आहेत आणि शेजारच्या जिल्ह्यात चंद्रपूरचे मोठे औष्णिक वीज केंद्र आहे. अशा केंद्रात एक युनिट वीज तयार करण्यास अर्ध्या किलोहून अधिक कोळसा लागतो. म्हणजे ज्याला आम्ही शून्य म्हणत होतो, तो दिवा वर्षाला सत्तावीस किलोंहून अधिक कोळसा फस्त करीत होता. त्याचा धूर आमच्या जिन्यात दिसत नव्हता, एवढेच.

राहता राहिला जुना दिवा. तारेच्या दिव्याची काच कोणाच्या हातात शिरू नये, म्हणून तो कागदात गुंडाळून, वर ‘काच’ असे लिहून कचऱ्यात द्यावा. एल्‌ईडी दिवा ई-कचऱ्यात द्यावा. लांब ट्यूब आणि वळणदार सीएफ्‌एल दिवे यांत थोडा पारा असतो. तेही वेगळेच ठेवावेत. असा दिवा घरात फुटलाच, तर खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटे खोलीबाहेर थांबावे. मग मोठ्या माणसांनी जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करावेत आणि ओल्या फडक्याने जागा पुसून घ्यावी. झाडू फिरवू नये. त्याने पारा पसरतो.

सहा आठवड्यांनी आजीच्या हाताचे प्लास्टर निघाले. त्या सायंकाळी ती वातींचे तबक घेऊन माडीवरून निघाली. नातू खाली उभा होता; त्याने बटण दाबले. सारा जिना, वरपासून खालपर्यंत, लख्ख दिसू लागला. आजी एकेक पायरी उतरत आली आणि शेवटी क्षणभर थांबली.

“किती दिसतात गं, आजी?” नातवाने विचारले.

“दोन,” आजी म्हणाली आणि दोन्ही पायऱ्या उतरून देवघराकडे गेली. तिने निरांजन लावले. मग मागे वळून ती म्हणाली, “आता विझव तो जिन्यातला. कोणी येत-जात नाही ना तिथे?”

नातवाने बटण दाबले. मुलांनो, आजीची काटकसर तशीच राहिली. फक्त आता ती मोजून होत होती. काटकसर म्हणजे काळोखात राहणे नव्हे. जेथे उजेड हवा तेथे तो पुरेसा घ्यावा आणि जेथे नको तेथे क्षणभरही जळू देऊ नये. आणि कोणी एखाद्या वस्तूला शून्य म्हटले, तर तिच्यावरील धूळ पुसून अक्षरे एकदा आपल्या डोळ्यांनी वाचावीत.

शब्दार्थ

शिधापत्रिका – धान्य, रॉकेल इत्यादी मिळण्याचे सरकारी पत्रक, रेशनकार्ड
गॅसबत्ती – रॉकेलवर जळणारा, हवा भरून लावण्याचा मोठा दिवा
निर्धास्त – भीती न बाळगणारा
औष्णिक – उष्णतेपासून होणारे
आटे – स्क्रूवरील गोल फिरत जाणाऱ्या खाचा
फस्त करणे – संपवून टाकणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आजीला शेवटची पायरी का दिसली नाही?
(आ) दिव्याच्या काचेवर कोणती अक्षरे होती?
(इ) जिन्याच्या दोन्ही टोकांस बटण असण्याचा फायदा कोणता?

२. कारणे द्या.
(अ) दिवा बदलताना केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही.
(आ) तारेच्या दिव्याला लेखकाने ‘लहानशी चूल’ म्हटले आहे.
(इ) आजीचा हिशेब रॉकेलच्या दिव्यांच्या बाबतीत खरा होता. विजेच्या दिव्याच्या बाबतीत तो चुकला.

३. नातू स्टुलावर चढला, तेव्हा त्याने केलेल्या चार चुका तुमच्या शब्दांत लिहा.

४. हिशेब करा. ६० वॉटचा तारेचा दिवा आणि ९ वॉटचा एल्‌ईडी दिवा रोज पाच तास लागतात. तीस दिवसांत प्रत्येकी किती युनिटे खर्च होतील?

५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
विसंबणे, ध्यानात ठेवणे, चिकटून राहणे, खटपट करणे.

६. ‘काटकसर म्हणजे काळोखात राहणे नव्हे’ या वाक्यावर आठ-दहा ओळी लिहा. घरातील एखादे उदाहरण द्या.

७. उपक्रम. वडीलधाऱ्यांच्या मदतीने आपल्या घरातील दिव्यांची यादी करा. स्टुलावर न चढता, खोक्यावरील किंवा घरात ठेवलेल्या जादा दिव्यांवरील अक्षरे वाचा. प्रत्येक दिवा कोणत्या जागी, किती वॉटचा, रोज किती तास लागतो, हे वहीत नोंदवा. घरातील सर्वांत अंधारी पायरी कोणती, तेही शोधा.